लक्झरी दुकानात 'काही कमी होईल का?' विचारण्याआधी

लुई व्हिटॉनचा सेल कधी लागतो? युरोपच्या सहलीची तयारी करणाऱ्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. लागत नाही. दिवाळीत नाही, नाताळात नाही, हंगाम संपतानाही नाही. या ब्रँडचं आउटलेट, म्हणजे कमी किमतीत माल विकणारं दुकानही जगात कुठे नाही. त्या नावाने इंटरनेटवर जे 'आउटलेट' दिसतं ते बनावट मालाचं दुकान समजावं आणि ते पान बंद करावं.

मग 'पॅरिसहून निम्म्या किमतीत पर्स आणली' म्हणणारी मावशी थापा मारते का? तसंही नाही. तिने बहुधा दुसऱ्याच ब्रँडची, दुसऱ्याच दारातून आणि नेमका महिना साधून आणलेली असते. महागड्या फॅशन ब्रँडांना सवलत वर्ज्य असते हा समज अर्धाच खरा आहे. सवलत असते, पण ती चारचौघांत द्यायची नसते. ती कुठे ठेवलेली असते, कधी बाहेर येते आणि कुठे शोधण्यात अर्थ नाही, हे एकदा कळलं की दुकानात अवघडायलाही होत नाही आणि फसायलाही होत नाही. पहिल्यांदाच अशी खरेदी करणाऱ्यांसाठी हे लिहितोय, मग ती बीकेसीतल्या जिओ वर्ल्ड प्लाझात असो, लंडनला लेकीकडे गेल्यावर असो की इटलीच्या सहलीत.

पहिली पायरी: ब्रँड कोणत्या रांगेतला ते ओळखा

सगळे महाग ब्रँड सारखे वागत नाहीत. ढोबळमानाने तीन रांगा धराव्यात.

पहिल्या रांगेत लुई व्हिटॉन, आणि पर्सपुरते हर्मेस व शनेल. इथे किंमत खाली येत नाही, वरच जाते. शनेलची साखळीची क्लासिक फ्लॅप पर्स २०२४ मध्ये युरोपात १०,००० युरोंच्या पुढे गेली. 'पुढच्या वर्षी घेऊ, तोवर स्वस्त होईल' हा हिशोब या रांगेत उलटा बसतो.

दुसऱ्या रांगेत गुची, प्राडा, बर्बेरी वगैरे. मुख्य दुकानात कडक शिस्त, पण शहराबाहेर आउटलेट आहे आणि इतर दुकानदारांकडून हंगामाअखेरीला सूटही मिळते. शोधणाऱ्याला खरा वाव इथेच आहे.

तिसऱ्या रांगेत कोच, मायकेल कॉर्स, केट स्पेड. इथे सूट हाच रोजचा व्यवहार. अमेरिकेत राहणाऱ्या कुणाही मराठी माणसाला विचारा, या ब्रँडची पर्स पूर्ण किमतीला घेतलेली माणसं त्याच्या ओळखीत फारशी नसतील. ब्रँडांना स्वतःलाही याचा त्रास झाला. कोचने २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अडीचशेच्या वर डिपार्टमेंट स्टोअर्समधून माल काढून घ्यायचं जाहीर केलं, कारण तिथल्या सततच्या कूपनांमुळे कोचची खरी किंमत काय हे गिऱ्हाइकाला सांगताच येईना.

आता एक पोटभेद, आणि नवखी माणसं इथेच चुकतात. एकाच ब्रँडमध्येही वस्तूगणिक धोरण बदलतं. कपडे आणि पादत्राणं हंगामाबरोबर जुनी होतात, शिवाय मापांचा घोळ असतो. ३४ आणि ४६ मापाचे बूट उरतातच. काळी चामडी पर्स मात्र दहा वर्षांनी काढली तरी विकली जाते, तिला स्वस्त करण्याचं कारणच नाही. म्हणून शनेलच्या बुटीकमध्ये हंगामाअखेरीला ठरावीक कपडे-बूट गुपचूप कमी किमतीत निघतात, पण क्लासिक पर्स निघत नाही. हर्मेसनेसुद्धा पॅरिसमध्ये रुमाल, कपडे, बूट यांचे खास सेल भरवले आहेत आणि त्यांना पहाटेपासून रांगा लागल्या आहेत. त्या रांगेत बर्किन या हर्मेसच्या दुर्मिळ पर्सच्या आशेने उभं राहणाऱ्याचा दिवस फुकट जातो. थोडक्यात, सूट हवी असेल तर पर्स सोडून बुटांकडे, स्कार्फकडे, कोटाकडे बघा.

दुसरी पायरी: त्यांना सवलतीची एवढी धास्ती का, ते समजून घ्या

हा भाग वगळून पुढे जायचा मोह होईल. पण हे कळल्याशिवाय पुढचं सगळं नुसती जंत्री वाटेल.

नोव्हेंबर २००८. अमेरिकेत मंदी आलेली. न्यूयॉर्कच्या सॅक्स फिफ्थ ॲव्हेन्यू या बड्या दुकानाने ऐन नाताळच्या तोंडावर डिझायनर मालावर ७० टक्क्यांपर्यंत सूट लावली. लोक तुटून पडले, गोदामं रिकामी झाली. पण महिनाभरापूर्वी तीच वस्तू पूर्ण किमतीला घेतलेल्या बाईला काय वाटलं असेल? आणि पुढच्या हंगामात ती पूर्ण किंमत कशाला देईल? हजार डॉलरचा बूट तीनशेला विकूनही दुकान चालू राहतं, हे एकदा सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर बड्या ब्रँडांनी डिपार्टमेंट स्टोअरच्या हातातून किमतीचा लगाम काढून घ्यायचा सपाटा लावला. कसा, ते तिसऱ्या पायरीत येईल.

किंमत खाली जाऊ नये म्हणून हे ब्रँड कुठवर जातात, त्याचा नमुना दहा वर्षांनी दिसला. बर्बेरीच्या २०१८ च्या वार्षिक अहवालात एका वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा न खपलेला माल नष्ट केल्याची नोंद होती. कपडे, सुगंधी द्रव्यं, सगळं. ओरड झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात बर्बेरीने ही पद्धत बंद करत असल्याचं जाहीर केलं. कार्टिये ज्यांच्याकडे आहे त्या रिशमाँ कंपनीने तर दुकानदारांकडून न खपलेली घड्याळं परत विकत घेतली. दोन वर्षांत जवळपास ४८ कोटी युरोंची. त्यातली बरीच मोडून टाकली. कुणी भलत्याने ती स्वस्तात विकू नयेत म्हणून.

आता कायदा आडवा आला आहे. फ्रान्सने २०२० मध्ये केलेल्या कायद्यानुसार न खपलेला माल नष्ट करायला २०२२ पासून बंदी आहे. युरोपीय संघाची मोठ्या कंपन्यांसाठीची कपडे आणि पादत्राणांपुरती बंदी जुलै २०२६ पासूनची. जाळायची सोय गेली की माल कुठेतरी जाणारच. कर्मचाऱ्यांसाठीचे सेल, आउटलेट, खासगी यादीतल्या गिऱ्हाइकांना आमंत्रण, दान. शोधणाऱ्याच्या पथ्यावर पडणारी गोष्ट आहे ही.

किंमत एवढी का जपतात, याचं आपल्याकडचं उदाहरण घ्या. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कारागिरांचं नाव न घेतल्यामुळे महाराष्ट्रात संताप उसळला. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. पुढे प्राडाने महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला आणि इथल्या कारागिरांकडून २,००० जोड बनवून घ्यायचं जाहीर केलं, किंमत सुमारे ८०० युरो. म्हणजे ऐंशी हजारांच्या आसपास. कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत आपण दोनशे रुपयांसाठी दुकानदाराशी अर्धा तास हुज्जत घालतो. मिलानच्या दुकानात तसाच जोड बघणारा माणूस तोंडातून शब्द काढणार नाही. चामडं तेच, शिवण तीच. फरकाचे पैसे ज्या गोष्टीचे आहेत, ती गोष्ट घासाघीस सुरू होताच विरून जाते. म्हणून घासाघिशीला दारातच मज्जाव. कारागिराच्या हाती त्यातले किती पडतात हा प्रश्न आहेच, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

तिसरी पायरी: दुकान नक्की कुणाचं ते पाहा

पाटी ब्रँडची असली तरी दुकान ब्रँडचंच असतं असं नाही. तीन प्रकार असतात. ब्रँडचं स्वतःचं बुटीक. मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमधलं 'दुकानातलं दुकान', जिथे जागा स्टोअरची पण माल, माणसं आणि किंमत ब्रँडची. आणि तिसरं, अनेक ब्रँडांचा माल स्वतःच्या पैशाने विकत घेऊन विकणारं स्वतंत्र दुकान.

२००८ नंतर ब्रँडांनी पसरवला तो दुसरा प्रकार. तिथे स्टोअरचा सेल चालू असला तरी त्या कोपऱ्यात तो लागू नसतो. टूर कंपनीने हातात दिलेल्या दहा टक्क्यांच्या कूपनाच्या पाठीमागे बारीक अक्षरांत वगळलेल्या ब्रँडांची यादी असते. ती आधी वाचा, नाहीतर काउंटरवर उगाच शोभा होते.

खरी सूट तिसऱ्या प्रकारात. त्या दुकानदाराचे पैसे मालात अडकलेले असतात आणि पुढच्या हंगामाचा माल दारात उभा असतो. ब्रँडला कितीही नको असलं तरी तो किंमत पाडतो. युरोपात तर त्याला आडकाठी करणं बेकायदा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने गुची, क्लोई आणि लोएवे या तिघांना मिळून १५ कोटी ७० लाख युरोंवर दंड ठोठावला. त्यातला एकट्या गुचीचा वाटा जवळपास १२ कोटींचा. गुन्हा काय? स्वतंत्र दुकानदारांनी किती टक्क्यांपर्यंत सूट द्यायची, सेल कधी लावायचा, हे ब्रँड ठरवत होते. आपल्या बुटीकमध्ये ब्रँडने काय ती किंमत लावावी. दुसऱ्याच्या दुकानात लावता येत नाही.

ओळखायचं कसं? सोपी युक्ती: बिल कुणाच्या नावाने फाटतं ते विचारा. ब्रँडच्या नावाने फाटत असेल तर सवलतीची आशा सोडा. दुकानाच्या नावाने फाटत असेल तर 'हंगामाचा सेल कधी?' हा प्रश्न अगदी रास्त आहे. इटलीतल्या मध्यम आकाराच्या शहरांत अशी पिढीजात स्वतंत्र दुकानं अजून आहेत. मिलानच्या प्रसिद्ध गल्लीपेक्षा तिथे वेळ घालवावा असं माझं मत.

चौथी पायरी: पंचांग जुळवा

फ्रान्समध्ये हंगामी सेल ही दुकानदाराची मर्जी नसते, ती सरकारी गोष्ट आहे. वर्षातून दोनदा, चार-चार आठवडे. हिवाळ्याचा सेल बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होतो, उन्हाळ्याचा जूनच्या शेवटच्या बुधवारी. तोट्यात माल विकायची मुभाही तिथल्या दुकानदाराला प्रामुख्याने याच आठवड्यांत असते. इटलीत प्रत्येक प्रदेश आपली तारीख जाहीर करतो. साधारण जानेवारीचा पहिला आठवडा आणि जुलैचा पहिला शनिवार धरून चाला. मे महिन्याच्या सुट्टीत युरोप करणारे आपण नेमके दोन्ही सेलच्या मधल्या कोरड्या दिवसांत तिथे पोचतो.

सेलमध्ये किंमत एका फटक्यात खाली येत नाही, टप्प्याटप्प्याने येते. पहिल्या आठवड्यात सूट कमी पण मापं सगळी. शेवटच्या आठवड्यात सूट मोठी आणि उरलेलं माप कुणाच्याच पायात न बसणारं. कोट किंवा स्कार्फ हवा असेल तर थांबा, बूट हवे असतील तर पहिल्या दोन दिवसांत जा. आणि युरोपीय संघात सवलतीची पाटी लावताना मागच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवणं आता बंधनकारक आहे, त्यामुळे आदल्या आठवड्यात किंमत फुगवून मग पाडण्याचा खेळ तिथे कठीण झालाय.

याच्याही आधी काही दिवस एक खासगी फेरी होते. बुटीकमधली विक्रेती तिच्या ओळखीच्या गिऱ्हाइकांना निरोप धाडते. 'तुमच्या मापाचे दोन जोड बाजूला ठेवलेत.' पाटी नाही, जाहिरात नाही. मुंबई-दिल्लीच्या बुटीकमध्येही हे व्हॉट्सॲपवर चालतं. त्या यादीत शिरायला लाखोंची खरेदी लागतेच असं नाही. एखादा पट्टा, एखादं पाकीट घेतलं, नीट बोललात, नाव-नंबर दिलात आणि 'हंगाम संपताना या प्रकारचं काही निघालं तर कळवा' म्हणालात, एवढंही पुरतं.

भारतात अनेक ब्रँडांची दुकानं आणि ऑनलाइन लक्झरी संकेतस्थळं जानेवारी आणि जुलैच्या आसपास सेल लावतात. दिवाळीची वाट पाहू नका. दिवाळीत हे ब्रँड खास वस्तू आणि मिठाईचे डबे काढतात, किंमत कमी करत नाहीत.

पाचवी पायरी: आउटलेटमध्ये डोळे उघडे ठेवा

लंडनजवळचं बिस्टर व्हिलेज १९९५ पासून आहे. मॅरिलबोन स्थानकातून गाडी थेट जाते, आणि आखाती-चिनी पाहुणे इतके की घोषणा अरबी आणि मँडरिनमध्येही होतात. पॅरिसजवळ ला व्हाले व्हिलेज, मिलान आणि जिनोव्हाच्या मध्ये सेराव्हाले, फ्लॉरेन्सजवळ द मॉल, न्यूयॉर्कजवळ वुडबरी कॉमन. ही सगळी खरी ठिकाणं, खरे ब्रँड. प्रश्न असतो तो मालाचा.

आउटलेटमध्ये दोन प्रकारचा माल शेजारी-शेजारी लटकतो. एक, मुख्य दुकानात न खपलेला मागच्या हंगामाचा. दुसरा, आउटलेटसाठीच वेगळा बनवलेला. दुसरा प्रकार तिसऱ्या रांगेतल्या अमेरिकी ब्रँडांत सर्रास आढळतो. चामडं थोडं पातळ, अस्तर साधं, कड्या हलक्या. वस्तू नकली नाही, ब्रँडचीच आहे, पण ती कधी मुख्य दुकानाच्या फळीवर बसलेलीच नाही.

आता टॅग हातात घ्या. वर एक मोठा आकडा, त्यावर काट, खाली लहान आकडा. ज्या वस्तूचा जन्मच आउटलेटसाठी झाला, तिचा वरचा आकडा कुठून आला? अमेरिकेत हाच प्रश्न लोकांनी कोर्टात नेला आणि मायकेल कॉर्सने २०१५ मध्ये असा एक दावा सुमारे ४९ लाख डॉलर देऊन मिटवला. तेव्हा काटलेल्या आकड्याकडे बघूच नका. फोन काढा, त्या मॉडेलचं नाव किंवा क्रमांक शोधा. ब्रँडच्या मुख्य संकेतस्थळावर किंवा जुन्या बातम्या-फोटोंत ती वस्तू कुठेच दिसली नाही तर ती आउटलेटचीच. मग खालचा आकडाच तिची खरी किंमत समजा आणि तेवढ्याला हवी आहे का ते ठरवा. काही वेळा हवी असते, त्यात वाईट काही नाही.

शिवण, चेन आणि कोपरे तपासा. मागच्या हंगामाच्या खऱ्या मालावर कधी शोरूममध्ये हाताळल्याचे बारीक ओरखडे असतात. ते चालतात. चेन अडकत असेल तर चालत नाही.

सहावी पायरी: मागून मिळणारी हक्काची सूट, म्हणजे कराचा परतावा

लुई व्हिटॉनसारख्या दुकानातही पर्यटकाला एक सवलत मिळते, ती ब्रँड देत नाही, सरकार देतं. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याला खरेदीवरचा व्हॅट परत मिळतो. फ्रान्समध्ये कर २० टक्के आणि किमान खरेदी १०० युरोंच्या किंचित वर. इटलीत कर २२ टक्के आणि २०२४ पासून मर्यादा ७० युरोंवर आली आहे.

वीस टक्के परत येतील या भ्रमात मात्र राहू नका. कर किमतीत धरलेला असतो. २,००० युरोंच्या वस्तूत तो ३३३ युरो निघतो. त्यातून परतावा देणारी कंपनी आपला वाटा कापते. हातात साधारण बारा टक्के, म्हणजे २४० युरोंच्या आसपास येतात. तरी वाईट नाही.

दुकानातच पासपोर्ट दाखवून फॉर्म करून घ्या. युरोपीय संघातल्या शेवटच्या विमानतळावर त्यावर कस्टमची नोंद करावी लागते. पॅरिसमध्ये त्यासाठी यंत्रं आहेत, कागदावरचा बारकोड दाखवला की हिरवी खूण येते. रोम आधी, पॅरिस नंतर आणि विमान फ्रँकफर्टहून असेल तर काम फ्रँकफर्टला. वस्तू हातसामानात ठेवा, कारण अधिकारी ती दाखवायला सांगू शकतो आणि बॅग तोवर पट्ट्यावरून गेलेली असते. पॅरिसमध्ये नोकरी करणाऱ्या भावाच्या नावावर बिल केलंत तर परतावा मिळत नाही, तो तिथला रहिवासी आहे. इंग्लंडने पर्यटकांचा दुकानातला परतावा १ जानेवारी २०२१ पासून बंदच केला. बिस्टरचा हिशोब जुन्या आठवणींवर करू नका.

हिशोब इथे संपत नाही. मुंबईला उतरल्यावर करमुक्त मर्यादेच्या वरच्या मालावर शुल्क लागतं. निघण्याआधी कस्टमच्या संकेतस्थळावर चालू मर्यादा बघा आणि पर्स महाग असेल तर सरळ रेड चॅनलने, म्हणजे माल जाहीर करणाऱ्यांच्या रांगेने जा. तिकडे परतावा घेतला आणि इकडे गप्प राहिलो, हा शहाणपणा अंगाशी येतो. शुल्क धरून बेरीज केली की कधीकधी बीकेसीतली किंमत आणि पॅरिसची किंमत यांत विशेष अंतर उरत नाही. भारतात १० लाखांवरची पर्स, घड्याळ किंवा बूट घेतले तर एप्रिल २०२५ पासून दुकानदार एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, वर घेतो. तो आयकर विवरणात वळता होतो, पॅन द्यायला कुरकुर करू नका.

सातवी पायरी: आत गेल्यावर काय बोलायचं

दार उघडायला माणूस, बसायला सोफा, हातात पाण्याचा पेला. विक्रेती पांढरे हातमोजे घालून पर्स ट्रेमध्ये आणते. इथे 'लास्ट प्राइस सांगा' म्हटलं तर ती हसून सांगते की आमच्याकडे सवलत नसते, आणि त्यानंतर तिचा निम्मा उत्साह संपतो. अपमान कुणी करत नाही. पण मागच्या खोलीत ठेवलेली दुसरी रंगछटा मग बाहेर येत नाही.

सराफाकडे आपण सोन्याच्या भावावर कधी घासाघीस करतो का? घडणावळीवर करतो. इथेही तसंच. किमतीला हात लावू नका, बाकीचं मागा. आद्याक्षरं उमटवून मिळतील का, पट्ट्याला जास्तीचं भोक पाडून द्याल का, दुरुस्ती किती वर्षं आणि मुंबईत होईल का, की सहा महिन्यांसाठी पॅरिसला जाईल. 'किंमत लवकरच वाढणार आहे का?' हा फार उपयोगाचा प्रश्न. सरळ उत्तर मिळत नाही, पण विक्रेतीचा चेहरा बरंच सांगतो. आणि कपड्यांच्या बाबतीत हळूच विचारा, 'मागच्या हंगामातलं काही आत आहे का?'

कपड्यांवरून माणूस जोखला जाईल ही भीती अनेकांना असते. थोडं जोखतातच. पण साध्या चपला घालून येणाऱ्या मारवाडी-गुजराती व्यापाऱ्यांनी मुंबईच्या विक्रेत्यांना केव्हाच शहाणं केलंय.

एका सापळ्याबद्दल मात्र सावध. हर्मेसची बर्किन १९८४ पासून आहे आणि मागितली म्हणून कुणाला मिळत नाही. आधी रुमाल, बूट, ब्लँकेट, ताटल्या घ्या, मग कदाचित, असा समज खरेदीदारांत पक्का आहे. यावरून २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात हर्मेसवर दावाही दाखल झाला होता. नको असलेल्या चार लाखांच्या वस्तू घेऊन 'किमतीला' मिळालेली पर्स स्वस्त कशी? माझं स्पष्ट मत: नवख्याने या खेळात उतरूच नये.

आठवी पायरी: वापरलेली घ्यायची असेल तर

पहिल्या रांगेतली वस्तू कमी किमतीत मिळायचा खरा मार्ग जुन्या बाजारातून जातो. पॅरिसची व्हेस्तियेर कलेक्टिव्ह २००९ पासून, अमेरिकेची द रिअलरिअल २०११ पासून. भारतातही असे विक्रेते आहेत. ब्रँडांना हा बाजार खुपतो. शनेलने एका अमेरिकी जुन्या-मालाच्या विक्रेत्यावर खटला भरला आणि २०२४ मध्ये ज्यूरीने ४० लाख डॉलरची भरपाई द्यायला लावली. त्यामुळे 'शनेलचं प्रमाणपत्र आहे' असं सांगणाऱ्या त्रयस्थ विक्रेत्याकडे संशयानेच बघा. ब्रँड सहसा अशी प्रमाणपत्रं देत नाहीत.

लुई व्हिटॉनने २०२१ मध्ये आतला तारखेचा ठसा बंद करून चिप बसवायला सुरुवात केली. नव्या पर्सवर जुना ठसा दिसला तर शंका घ्या. मूळ बिल मागा, धूळ बसू नये म्हणून मिळणारी ब्रँडची कापडी पिशवी आणि डबा मिळाला म्हणून भुलू नका, ते सुटे विकत मिळतात.

'फर्स्ट कॉपी' हा प्रकार सवलतीत मोजत नाहीत. इटलीत पुलावर चादर पसरून विकणाऱ्याकडून पर्स घेतली तर दंड विकत घेणाऱ्यालाही होतो, आणि फ्रान्समध्ये बनावट वस्तू जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे.

नववी पायरी: पैसे देताना

सेलमध्ये घेतलेली वस्तू परत घेत नाहीत किंवा फक्त बदलून देतात. बिलाच्या मागचा नियम तिथेच वाचा. माप घालून दोन पावलं चाला, कोटाची बटणं लावून बसून बघा. कार्ड यंत्रावर रुपये की युरो असा पर्याय आला तर युरो निवडा, रुपयांचा दर दुकानाच्या बँकेने आपला नफा धरून लावलेला असतो. तुमच्या कार्डाचं परकीय चलन शुल्क किती आहे ते घरून निघतानाच बघून ठेवा. साडेतीन टक्के असेल तर परताव्याच्या बारा टक्क्यांतून ते वजा करा, आणि मग ठरवा.